उघड्या ताटलीवर बोलायचं नाही

आमच्या संस्थेत माणसं दोन प्रकारची, वाढवणारी आणि मारणारी. मी मारणाऱ्यांतला. माझ्या खोलीत पोती भरभरून मुळं, साली, पानं येतात. मी ती सावलीत वाळवतो, कुटतो, स्पिरिटात भिजत घालतो, गाळतो आणि गोल चंबूत फिरवत फिरवत आटवतो. शेवटी चंबूच्या बुडाशी जो चिकट गाळ उरतो, तो अर्क. हा अर्क यकृताच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकायचा आणि त्या मरतात की जगतात ते बघायचं. झाडापाल्यात दडलेल्या असंख्य रसायनांपैकी एखादं तरी उद्या औषध म्हणून निघेल, या आशेवर आमच्या खोल्यांची सगळी रांग चालते.

पण मारायचं तर आधी काहीतरी जिवंत लागतं. ते जिवंत ठेवायचं काम पलीकडच्या काचेच्या खोलीत बाई करायच्या. ही गोष्ट त्यांची आहे.

पेशी म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसण्यासारखं काही नसतं. बशीएवढ्या चपट्या, झाकणाच्या ताटल्या, त्यात गुलाबी पाणी, आणि तळाला त्या चिकटून बसलेल्या. मायक्रोस्कोपखाली धरल्या की घट्ट बसवलेल्या फरशीसारख्या दिसतात. फार पूर्वी कुणा एका रोग्याच्या यकृतातून काढलेल्या या पेशी. तो माणूस केव्हाच गेला, त्याचा रोग मात्र ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत मजेत वाढतोय. त्यांना अंगाइतकी ऊब लागते, दोन-तीन दिवसांनी ताजं गुलाबी पाणी लागतं, दाटी झाली की वेगळं बिऱ्हाड थाटून द्यावं लागतं. आणि नाजूक इतक्या, की एखादी शिंक, बोलताना उडालेला एखादा थेंब पुरतो. दोन दिवसांत ताटलीत बुरशी धरते आणि महिन्याची मेहनत पाण्यात जाते.

म्हणून बाईंचा एक दंडक होता. उघड्या ताटलीवर बोलायचं नाही. झाकण उघडलं की तोंडाला कुलूप. एकदा आमचे सर, म्हणजे सगळ्या विभागाचे प्रमुख, "काय म्हणतेय आपली मंडळी?" असं म्हणत आत शिरले. बाईंनी मागे न बघता एक बोट वर केलं. सर, ज्यांच्यापुढे आम्ही सगळे चळाचळा कापायचो, ते शाळेतल्या पोरासारखे दाराशी उभे राहिले. झाकण लागल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "हं, आता बोला." त्या दिवसापासून मी त्यांचं नाव सोवळेबाई ठेवलं. त्यांनी माझं वैद्यबुवा ठेवून उसनं फेडलं. "वैद्यबुवा, तुमचं ते कुटणं जरा हळू, माझी पोरं दचकतात," असं भिंतीपलीकडून ओरडायच्या. मीही सोडायचो नाही. म्हणायचो, "पोसा, पोसा, उद्या माझ्याच ताब्यात यायचीत."

त्यावर त्यांचं एक ठरलेलं उत्तर असे. "तुमच्या हातून मरू देत, पण माझ्या हातून एकही उपाशी मरता कामा नये." ऐकायला विचित्र वाटतं, पण कामाचं सगळं मर्म त्यात आहे. पेशी आधीच खंगलेली असेल तर ती अर्काने मेली की आबाळीने, कोण सांगणार? खाऊनपिऊन सुखी असलेली पेशी मेली तरच अर्काचा गुण. म्हणून बाई त्या रोगाला पोटच्या पोरासारखं सांभाळायच्या. सुट्टीच्या दिवशीही येऊन खायला घालून जायच्या.

बाईंना घरी एकच माणूस होतं. ताई. आई लवकर गेली तेव्हा ताईने शाळा सोडून शिवणयंत्र धरलं आणि धाकटीला शिकवलं. लग्नाचं विचारायला कुणी आलं की ताई म्हणायची, "आधी ठमीचं होऊ दे." ठमीचं झालं नाही, ताईचंही राहून गेलं. दोघी दोन खोल्यांत राहायच्या, खिडकीशी ताईचं यंत्र. धाकटी पन्नाशीला आली तरी ताईच्या तोंडी ती ठमीच.

ताईला आम्ही ओळखत होतो ते एप्रनमुळे. संस्थेच्या तयार एप्रनच्या बाह्या पसरट, ताटलीला घासायच्या. बाईंनी घरी कुरकुर केली असणार. ताईने मनगटाला इलॅस्टिक घातलेला, मागून बंद बांधायचा, खिसा नसलेला एप्रन शिवून दिला. "खिशात कचरा साठतो, कशाला हवाय खिसा?" असं तिचं म्हणणं. तो बघून सगळ्यांनाच तसला हवासा झाला, आणि एक दिवस गळ्यात टेप अडकवून ताई मापं घ्यायला हजर झाली. बहीण जितकी मितभाषी तितकी ही बोलघेवडी. सरांच्या कमरेला टेप लावून म्हणाली, "पोट आत घेऊ नका हो. मापाला खोटं बोललं की कपडा चारचौघांत खरं बोलतो." सरांनी निमूटपणे पोट सोडलं. आम्ही तोंड फिरवून हसलो.

जाताना ती काचेशी थांबली आणि आत, ताटल्या ठेवायच्या उबेच्या पेटीकडे बघून म्हणाली, "ठमे, काय पाळलंयस गं यात?"

"बारीक जीव आहेत. औषधं तपासायला लागतात," बाई म्हणाल्या. कसले जीव, ते त्यांनी सांगितलं नाही आणि ताईनेही विचारलं नाही.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. ताईची भूक गेली. तिला वाटलं पित्त असेल. मग ती स्वतःचे कपडे कमरेत आत घ्यायला लागली. एकदा घेतले, परत घेतले. मला म्हणाली, "गिऱ्हाइकांपेक्षा माझंच काम जास्त निघतंय हल्ली." मग डोळे पिवळे दिसायला लागले, आणि जे कपडे आत घेतले होते ते पोटावर पुन्हा सोडायची वेळ आली, कारण हातपाय वाळत चालले आणि पोटात पाणी भरायला लागलं. मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. यकृताचा कॅन्सर, दोन्ही बाजूंना पसरलेला. कापून काढण्यापलीकडे गेलेला. डॉक्टर चांगला होता, त्याने लपवलं नाही. वाढ थोडी लांबवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि दुखणं कमी ठेवू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कामावर आल्या. मला दाराशीच सांगितलं, दोन वाक्यांत. मग हात धुतले, स्पिरिट चोळलं, तोंडावर पट्टी चढवली आणि उबेच्या पेटीचं दार उघडून नुसत्या उभ्या राहिल्या. ऊब बाहेर जात होती. एरवी कुणी क्षणभर जास्त दार उघडं ठेवलं तर त्या अंगावर धावून जायच्या.

"बाई, दार," मी काचेबाहेरून म्हटलं.

"यांना आज खायला घालायचं, वैद्यबुवा?" त्यांनी विचारलं.

काय सांगायचं होतं? तिकडे जे ताईला खातंय तेच इकडे पेटीत बसून आ वासतंय. मी म्हटलं, "आज मी घालतो, तुम्ही बसा." त्या भडकल्याच. "तुम्ही? तुमच्या हाताला सतरा झाडांचा चीक." आणि त्यांनी घातलं. एकेक ताटली काढली, जुनं पाणी ओढून घेतलं, नवं सोडलं, झाकण लावलं. हात जरासुद्धा हलत नव्हते. मी आयुष्यात पुष्कळ धीराची माणसं पाहिली, पण त्या सकाळी मला त्या बाईचा राग आला होता.

आता पिवळ्याबद्दल सांगायला हवं. पिवळं म्हणजे एका जंगली वेलीच्या मुळाचा अर्क. त्याला लांबलचक क्रमांक होता, पण आम्ही सगळे पिवळंच म्हणायचो, कारण कुटलं की माझ्या भुवयासुद्धा पिवळ्या व्हायच्या. या पिवळ्याने बाईंच्या ताटल्यांमध्ये कमाल केली होती. थोडक्या मापातही त्या जुन्या पेशी गोल होऊन तळ सोडायच्या, सुटून पाण्यात तरंगायच्या. शेजारच्या ताटलीतल्या चांगल्या, निरोगी पेशी तगून राहायच्या. माप वाढवलं तर त्याही कोमेजायच्या, पण म्हणून काय झालं, आम्ही हरखलो होतो. सरांनी त्यावर लेख लिहिला. मग वर्तमानपत्रवाला आला. सरांनी त्याला चार वेळा बजावलं, की बाबा रे, हे ताटलीत झालंय, अजून उंदरांवर व्हायचंय, मग माणसं, त्याला वर्षं लागतील, आणि बहुतेक वेळा मध्येच सगळं बारगळतं. छापून आलं ते असं, वेलीच्या मुळाने यकृताचा कॅन्सर विझतो. बातमीतून ताटली तेवढी गळली होती.

ती बातमी ताईने वाचली.

मी त्या दिवशी बाईंबरोबर त्यांच्या घरी गेलो होतो, ताईला बघायला. ती खिडकीशी यंत्राला टेकून बसली होती, मांडीवर कागद.

"या वैद्यबुवा. हे तुमचंच ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"बघ ठमे, आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. हे सगळे यकृत यकृत करतायत. सरळ काळीज म्हणा की. तर या काळजावर तुमच्याकडे औषध आहे, आणि मी इथे गोळ्या गिळत बसलेय."

बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं, की पेटीतले ते बारीक जीव म्हणजे हाच रोग आहे, आणि त्या तो वाढवतात. "ताई, ताटलीत आम्ही अर्क थेट त्यांच्या अंगावर ओततो. तू प्यायलीस तर तो आधी पोटात जाणार, मग यकृतात. आणि यकृताचं कामच हे आहे, परकं काही आलं की तोडूनमोडून बाहेर काढायचं. रोगापर्यंत किती पोचेल कुणाला ठाऊक नाही. आणि जे थोडं चांगलं यकृत शिल्लक आहे ना, त्याच्यावर तू जगतेयस. ते या अर्काने गेलं तर?"

"ताटलीत मेल्या ना पण?"

"मेल्या."

"मग?"

"ताटलीत पुष्कळ गोष्टींनी मरतात गं. स्पिरिट ओतलं तरी मरतात."

ताई कागदाची घडी घालत बसली. घडी घालून झाल्यावर म्हणाली, "लहानपणी माझ्या ताटातलं काढून तुला देत आले. तू मला एक घोट देईनास."

बाई उठल्या आणि पाणी आणायला म्हणून आत गेल्या. ताई माझ्याकडे वळली. "तुम्ही तरी द्या हो. बाटलीच्या तळाशी उरलेलं असेल ते द्या. बरं वाटलं तर वाटलं." तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा माझ्या अर्कासारखाच होता. मी मान खाली घातली. एवढी बोलकी बाई, पण तिने मला दुसऱ्यांदा म्हणून विचारलं नाही.

जिन्यात मी बाईंशी भांडलो. स्पष्ट म्हटलं, "बुडत्याला काडीचा आधार असतो. तुम्ही काडीसुद्धा हिसकावून घेताय. थेंबभर दिलं तर काय आभाळ कोसळणार आहे? मी देतो बाटली, माझ्या जबाबदारीवर."

"आणि उद्या तिला कावीळ बळावून ती आठवड्यात गेली, तर?"

"नाहीतरी काय होणार आहे?"

हे बोललो आणि जीभ चावली. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला कळत नाही होय, वैद्यबुवा? पण जे काय दिवस आहेत ते तिचे आहेत. माझ्या हाताने मी त्यातला एक कमी करणार नाही." त्या तिथेच रडल्या, आवाज न करता, वर ऐकू जाऊ नये म्हणून. मला तेव्हा त्यांचं पटलं नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. जळत त्यांचंच होतं, आणि शहाणपण मी शिकवत होतो.

नंतर शेजारणीकडून कळलं, ताई सगळ्यांना सांगत होती, "आमच्या ठमीकडे औषध आहे, पण त्यांचा नियम फार कडक. तिच्या हातात नाही ते." असा काही नियम नव्हता. बहिणीला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून ताईने तो शिवला होता.

पोटातलं पाणी वाढलं की दवाखान्यात सुई घालून काढावं लागायचं. एकदा तिथल्या डॉक्टरने विचारलं, या पाण्यात रोगाच्या पेशी असतात, संशोधनाला पाठवू का, तुमची हरकत नसेल तर. ताईने विचारलं, "कुठे पाठवणार?" त्याने आमच्या संस्थेचं नाव घेतलं. ताई हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी हसली. बाईंना म्हणाली, "घे, मीच येतेय तुझ्या पेटीत राहायला."

मग तिने बाईंचं मनगट धरलं. "ठमे, माझ्यावर करून बघता येत नाही म्हणतेस ना? मग यांच्यावर बघ. या तर माझ्याच आहेत. ते पिवळं यांच्यावर टाक आणि काय होतं ते मला सांग. मेल्या तर मला एक घोट द्यायचा. नाही मेल्या तर मी पुन्हा नाव काढणार नाही. पण खरं सांगायचं. मापाला खोटं बोलायचं नाही."

"सांगेन," बाई म्हणाल्या. त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, करा. मला मात्र त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, की मेल्या तरी घोट देता येणार नाही, आणि हे बाईंना माहीत आहे. तरी त्या हो म्हणाल्या होत्या. बहिणीला एकदा तरी हो म्हणायचं होतं त्यांना.

इथून पुढचं सांगताना मला त्रास होतो. शरीरातून नुकत्याच निघालेल्या पेशी ताटलीत सहजासहजी रुजत नाहीत. दहांतल्या नऊ वेळा मरतात. रुजल्या तरी प्रयोगाला पुरतील इतक्या व्हायला आठवडे लागतात. आता बाईंची धडपड अशी, की तो रोग लवकर वाढावा. जुन्या पेशींना कधी केले नव्हते एवढे लाड त्यांनी या पेशींचे केले. गुलाबी पाण्यात कधी हे थोडं जास्त, कधी ते. ताटलीच्या तळाला लेप देऊन बघितला, कारण नुसत्या तळाला त्या धरेनात. एका सकाळी मला हाक मारून मायक्रोस्कोपशी नेलं. तळाला एक लहानसा पुंजका चिकटून पसरत होता. बाईंचा चेहरा फुलला होता. "धरल्या, वैद्यबुवा, धरल्या!" आणि पुढच्याच क्षणी त्यांना कळलं आपण कशाचा आनंद करतोय ते. त्यांनी ताटली उचलली आणि पेटीत नेऊन ठेवली.

ताईला आता दवाखान्यातच ठेवलं होतं. संध्याकाळी बाई तिथे जायच्या आणि रात्री राहायच्या. तिथे ताई रोज थोडी कमी झालेली असायची. एक घास पातळ भात, तोही नको व्हायचा. विचारायची मात्र रोज, "कशा आहेत माझ्या?"

"वाढतायत."

"मग ठीक. इकडे नाही तर तिकडे, अंग धरतेय म्हणायची मी."

एका सकाळी ताईला श्वास जड झाला. बाईंनी रजा टाकायची ठरवली. ताईने ऐकलं नाही. आज पेशींच्या खाण्याचा दिवस आहे हे तिला पाठ झालं होतं. "जा तू. उपाशी राहिल्या तर साक्ष देणार नाहीत म्हणतेस ना? इतकं करून ते फुकट घालवू नको. घालून ये खायला, मी आहे." हे मला बाईंनी मागाहून सांगितलं. शेवटचे शब्द म्हणून नव्हे, नुसतं सांगितलं.

दवाखान्याचा फोन माझ्या खोलीत आला. मी ऐकला, ठेवला आणि काचेपाशी गेलो. आत बाई ताईच्याच ताटल्या घेऊन बसल्या होत्या, झाकणं उघडी. मी दारावर हात ठेवला आणि थांबलो. उघड्या ताटलीवर बोलायचं नाही. इतक्या वर्षांचा दंडक माझ्या अंगात मुरला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आधारच वाटला. जोवर झाकण उघडं आहे तोवर मला ते सांगावं लागणार नव्हतं.

बाईंनी मान वर केली. काचेतून मला पाहिलं. मी काहीही केलं नाही, हातसुद्धा हलवला नाही, तरी त्यांना कळलं. मला वाटलं हातातली नळी टाकून धावत येतील. त्यांनी परत मान खाली घातली. राहिलेल्या ताटल्यांत पाणी सोडलं, एकेकीवर झाकण ठेवलं, सगळ्या उचलून पेटीत नेऊन ठेवल्या, पेटीचं दार लावलं. मग हातमोजे काढून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हं, आता बोला."

मी बोललो.

थोड्याच दिवसांत त्या परत कामावर आल्या. सर म्हणाले महिनाभर घरी राहा. बाई म्हणाल्या, घरी यंत्र आहे फक्त, आणि इथे या उपाशी राहतील. अंगात ताईने शिवलेला एप्रन. त्याचे मागचे बंद रोज ताई बांधून द्यायची, शेवटी दवाखान्यातल्या खाटेवरूनही, आणि बाई रस्ताभर वर कोट चढवून यायच्या, हे आम्हाला तेव्हा कळलं, कारण आता त्या येऊन माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायला लागल्या. मी बांधायचो.

ताईच्या पेशी पुरेशा झाल्या. मी पिवळं ताजं काढलं, नव्या मुळांचं, एवढ्या काळजीने मी आयुष्यात काही गाळलं नसेल. बाईंनी ते मोजून टाकलं. चांगल्या पेशी तगतील त्या मापाने एका ओळीत, त्याहून कमी दुसरीत. शेजारी त्या जुन्या, कुणा अनोळखी माणसाच्या पेशी, तुलनेला. मग झाकून उबेत ठेवलं आणि अर्काने काम करायची मुदत संपण्याची वाट बघत आम्ही आपापल्या खोलीत बसलो. मी कुटायला घेतलं आणि सोडून दिलं.

ठरल्या दिवशी दुपारी बाईंनी मला बोलावलं. जुन्या पेशी नेहमीप्रमाणे मेल्या होत्या, सुटून तरंगत होत्या. ताईच्या पेशी जशाच्या तशा होत्या. दोन्ही ओळींत. तळाला घट्ट धरून, कडा चकाकत्या, पिवळ्याचा त्यांना पत्तासुद्धा नव्हता. एका माणसाचा रोग दुसऱ्यासारखा नसतो, हे आम्ही रोज तोंडाने म्हणतो. त्या दिवशी ते डोळ्यांनी बघितलं.

मला हायसं वाटलं, लपवत नाही. जिन्यातलं भांडण कधीपासून छातीवर होतं. मी म्हटलं, "बाई, तुमचंच बरोबर होतं. प्यायली असती तरी काही झालं नसतं."

बाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. "मला वाटत होतं, मराव्यात," त्या म्हणाल्या. "मी चुकले असं निघावं. जन्मभर मला खात राहिलं असतं, चाललं असतं. पण ताईला काहीतरी होतं, असं तरी झालं असतं. आता काहीच नव्हतं म्हणायचं. काहीच नव्हतं हो तिच्यासाठी."

आमच्या मांडण्यांवर शेकडो बाटल्या होत्या, साली, मुळं, बिया, पानं, आणि त्यातलं काहीच नव्हतं तिच्यासाठी.

प्रयोग संपला की ताटल्यांत ब्लीच ओतून टाकून द्यायच्या, अशी रीत. बाईंनी बाटली घेतली, एकेक ताटली संपवली. शेवटची एक राहिली, पिवळं टाकलेली, ताईच्या पेशींची. ती त्यांनी ताटल्या उघडायच्या काचेच्या कपाटात नेऊन ठेवली, जशी रोज ठेवायच्या तशी. हातांना स्पिरिट चोळलं. झाकण उघडलं. मी सवयीने ओठ मिटले.

मग बाईंनी तोंडावरची पट्टी खाली ओढली. मला वाटलं गुदमरलं असेल. त्या ताटलीवर वाकल्या, इतक्या जवळ, की त्यांचा श्वास गुलाबी पाण्यावर उमटला.

"ताई," त्या म्हणाल्या, "नाही गं मेल्या. खरं सांगतेय. पिवळ्याने काही झालं नसतं तुला. मी हातचं राखून काही ठेवलं नव्हतं गं. असतं तर दिलं असतं. सगळंच्या सगळं दिलं असतं."

आणखीही काही बोलत राहिल्या, हळू, बहिणी बहिणी बोलतात तसं. ते मी ऐकलं नाही, मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मग झाकण लागल्याचा आवाज आला. मागे वळलो तर बाईंनी पट्टी वर ओढली होती आणि ती ताटली हातात धरली होती. ती आता कामाची राहिली नव्हती, दोन दिवसांत तिच्यात बुरशी धरणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी ती टाकली नाही, उबेच्या पेटीत अगदी मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि दार लावलं.

"जा, वैद्यबुवा," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीतरी कुटायला घ्या."